मेंबरमायचा रपटा

मेंबरमाय पंचायतीच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी यायची आणि बरोबर दारात बसायची. कुणाला मधेच उठून जायचं असेल तर तिला ओलांडूनच जावं लागे. "कुठी चालले भाऊ? काम सरलं काय?" एवढं ती विचारायची. बहुतेक जण परत जाग्यावर येऊन बसत.

मी पुसदचा. ग्रामसेवक म्हणून दिग्रसजवळच्या त्या गावी नवाच गेलो होतो. पंचायतीत एखादी बाई असायला हवी म्हणून बौद्धवाड्यातल्या या विधवेला घेतलेलं होतं. छप्पन्न साली तिच्या घरादारानं दीक्षा घेतलेली. तिनं अंगठा द्यावा आणि गप्प बसावं, अशी सरपंचांची अपेक्षा. मेंबरमायनं मेंबरकी मात्र मनावर घेतली.

तिला नव्या कामाचं कौतुक फार, पण हरखून जाणं माहीत नाही. शाळेमागं नाली खोदायचं ठरलं तेव्हा सगळे खूश होते. हिनं विचारलं, "गाळ कोन काढन?"

सरपंच वैतागले. "मेंबरमाय, आधी नाली होऊ तर दे!"

"लेकरू झाल्यावर पाळना बांधाले घेता काय भाऊ?"

सगळे हसले, सरपंचही हसले. पण त्याच बैठकीत गाळ काढायच्या पाळ्या ठरल्या, आणि पहिली पाळी तिनं आपल्या आळीकडं मागून घेतली.

गावाचं खरं दुखणं होतं नाला. पावसाळ्यात तो भरला की दिग्रसची वाट बंद. कापसाच्या गाड्या तर सोडाच, अडलेली बाळंतीण पलीकडं नेता येत नसे. मेंबरमायची थोरली सून तशीच अलीकडच्या काठावर दगावली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही शेण थापता थापता, मान वर न करता.

शेवटी रपटा मंजूर झाला. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा ठेंगणा पूल. सिमेंट आणि नळे सरकारचे, अंगमेहनत गावाची. गावातले आणि वाड्यातले, दोन्हीकडचे लोक कामाला लागले. पहिल्याच दुपारी सरपंचांच्या माणसानं सावलीत पाण्याचे दोन रांजण मांडले. एक गावाचा, एक वाड्याचा.

मेंबरमायनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. "भाऊ, घाम एकाच मातीत जिरून राह्यला. मंग पानी कायले दोन?"

"रीत हाय ते," सरपंच म्हणाले.

"तं रपटाबी रीतीनं बांधा. तुमच्याकून अर्धा, आमच्याकून अर्धा. मधात नाला वाहू द्या."

वाड्यातली माणसं तिच्यामागून निघून गेली. काम थांबलं. सिमेंटची पोती शाळेच्या पडवीत, आभाळ भरून येऊ लागलेलं. मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, "माय, पोती भिजली तर रपटा जाईल."

ती म्हणाली, "सायेब, त्या रपट्यासाठी माहा जीव तुटते. तुमच्यापेक्षा जास्त तुटते. पन खाली मान घालून बांधला, तं त्याच्यावरून चालवनार नाही मले."

पुढं काय झालं ते सरपंचांनी मला कधी नीट सांगितलं नाही. त्यांच्या घरात रांजणांवरून रात्रंदिवस भांडण चाललं होतं एवढं कानावर आलं. एका सकाळी ते नाल्यावर आले आणि दोन्ही रांजणांतलं पाणी आपल्या हातानं एका मोठ्या पिंपात ओतलं. वाड्यात निरोप धाडला. लोक जमल्यावर त्यांनी पिंपातून गडवा भरला आणि सगळ्यांदेखत प्यायले. काही घरची माणसं त्या दिवसापासून फिरकली नाहीत, काही घरून तांब्या घेऊन येत. बाकीचे प्यायले. मेंबरमाय जिंकल्यासारखं काही बोलली नाही. "ऊन चढून राह्यलं, हात चालवा," एवढंच म्हणून तिनं घमेलं उचललं.

त्या पावसाळ्यात नाला दोनदा रपट्यावरून गेला आणि दोन्ही वेळा ओसरला. रपटा जागच्या जागी होता. पुढं दर वर्षी मृगाआधी नळ्यांतला कचरा काढायला दोन्हीकडची माणसं एकत्र उतरत, आणि मेंबरमाय काठावरून सगळ्यांना शिव्या घालत उभी असे.

काही वर्षांनी तिचा धाकटा नागपूरला गिरणीत लागला आणि आईला न्यायला आला. एसटी फाट्यावर थांबे. निम्मा गाव तिथवर आला होता. बस आली तशी सरपंचांनी पुढं होऊन तिचं गाठोडं खांद्यावर घेतलं. गर्दीतलं कुणीतरी चपापलं.

"हळू भाऊ, अंदर लोनच्याची बरनी हाय!" मेंबरमाय ओरडली. "दनकन आपटसान!"

सरपंचांनी गाठोडं आत नेऊन तिच्या पायाशी अलगद ठेवलं आणि खाली उतरले. ती खिडकीतून काहीतरी सांगत होती, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. बस वळणाआड गेली. सरपंचांच्या सदऱ्यावर खांद्याशी तेलाचा डाग पडला होता.

"सांडलंच पाह्य लोनचं," ते म्हणाले. "तिखट लय घालते बाई." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत गावाकडं चालू लागले.