वजीर सांभाळा

माझा धाकटा भाऊ सोमनाथ. त्याला एका जागी बसवत नाही. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे, तिथेही झेंडू तोडता तोडता तो तीन वाफे बदलतो. अशा माणसाला बुद्धिबळाचं वेड लागावं, हे आमच्या घराचं नशीब. पांढरे मोहरे मिळाले की दुसऱ्याच चालीला उंटापुढचं प्यादं फुकट देऊन टाकतो. याला गॅम्बिट म्हणतात, असं तो सांगतो. मी याला खाज म्हणतो.

गेल्या मे महिन्यात जिल्हा निवड स्पर्धा झाली. पहिले चौघं राज्य स्पर्धेला जाणार. शेवटचा डाव जिंकला तर सोमनाथ चौथा, बरोबरी झाली तरी बाहेर. वय त्रेचाळीस, सहा वर्षांची खटपट. समोर देवळाली कॅम्पचे खंडेराव, निवृत्त सुभेदार, ढिम्म बसलेले. टेबलाखाली सोमनाथचा पाय सारखा हलत होता आणि दोरीपलीकडे, अगदी त्याच्या नजरेसमोर, मी उभ्या उभ्या चुळबुळत होतो.

खंडेरावांनी प्यादं घेतलं, वजीर पुढे आणला. सोमनाथने ते प्यादं उंटाने परत मारलं आणि दोन चालींनी तोच उंट बाजूला काढला. उंटामागे हत्ती होता. आता हत्तीची थेट नजर वजिरावर. खंडेरावांना ते दिसलं नाही. एकेका चालीवर विचार करून करून घड्याळात त्यांचं एकच मिनिट उरलेलं, हात घोड्याकडे निघालेला. जिंकलो, असं मी मनात म्हणतोय तोच सोमनाथ बोलला, "वजीर सांभाळा."

मळ्यात आम्ही दोघं खेळतो, तिथली ही रीत. राजाला शह देताना सांगतात, तसं वजिरावर आलं तरी सांगायचं. त्याच्या लहानपणी मीच धपाटे घालून ती शिकवली होती.

खंडेरावांनी वजीर हलवला. खेळताना बोलल्याबद्दल पंचांनी सोमनाथला ताकीद दिली, खंडेरावांना दोन मिनिटं वाढवून दिली. मग हा घाईघाईत खेळत गेला आणि हरला.

परतताना तो मोटरसायकलवर माझ्या मागे होता.

"दादा, मी मोठ्यानं बोललो का?"

"हो."

"मला वाटलं मनातच बोललो."

मला फार वाईट वाटलं. "माझंच चुकलं, सोमा," मी म्हणालो.

"तुमचं नाय चुकलं. फक्त पुढच्या वर्षी तुम्ही बघायला येऊ नका, दादा. तुम्ही समोर दिसलात, की मला वाटतं आपण मळ्यातच खेळतोय."