पाट घेऊन आई आली

माणूस नुसतं "बरं" म्हणून निघून गेला की मला जास्त भीती वाटते. भांडला तर निदान त्याच्या पोटात काय आहे ते कळतं तरी.

मिथुन तसाच गेला होता. खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातला मुलगा, नागोठण्याकडे कंपनीत शिफ्ट करतो. पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे आणि त्याच्या घरची मूर्ती दर वर्षी आमच्याकडचीच. गेल्या वर्षी ती न्यायला आला, तेव्हा मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या मनस्वीला त्यानं सरळ विचारलं, "रविवारी रोह्याला चहा घेऊया का?"

"नाय," ती म्हणाली.

"बरं," म्हणाला, मूर्ती उचलली आणि गेला. इतकं सोपं कधी असतं का?

मनस्वी रोह्याहून गाडीनं येते. आधी तिकडेच एका दुकानात होती. तिथल्या एकाला तिचं नाही म्हणणं कळेचना. संध्याकाळी ती घरी निघाली की नदीवरच्या अष्टमी पुलावर हा हजर. शेवटी नोकरी तिनंच सोडली, त्याचं काहीच गेलं नाही. आता मिथुनही पुन्हा विचारायला आला तर पोर इथूनही जाईल, या धास्तीनं मी वर्षभर दाराकडे बघत होते. नुसता त्याचा विचार आला तरी डोकं तापायचं.

यंदा पाट द्यायची वेळ आली. आमच्याकडे लोक घरचा पाट आणून देतात, त्याच पाटावर त्यांचा गणपती बसवायचा. मिथुनच्या घरचा पाट नेहमी तोच आणायचा. या वेळी आली त्याची आई, बायजाबाई. माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वतःला जमलं नाही म्हणून आईला पुढे केलंन, मुलगी बघायला! मी मनस्वीच्या पुढ्यात जाऊन आडवी उभी राहिले.

"मिथुनला काय झालं यायला?"

"नाय येत गो बाय. म्हणतो, तिथं एक पोर कामाला हाय. मी गेलो नि तिला नको वाटलं, तर हातातलं काम टाकून ती जाणार कुठं?"

"कोण पोर?"

"नाव नाय सांगत मेला."

पढवून पाठवली असेल, मी मनात म्हटलं. मनस्वीनं मात्र सगळं ऐकलं होतं.

गणपती न्यायलाही बायजाबाईच आली. मिथुन रस्त्यापलीकडे टेम्पोपाशी उभा, आमच्याकडे पाठ करून. मनस्वीनं ब्रश धुतला, हात पुसले आणि रस्ता ओलांडून गेली. मी मागोमाग.

"रविवारी चहाला येता का? रोह्याला."

आता हा हुरळणार, मला वाटलं. तर त्यालाच संशय.

"आई काय बोलली का तुम्हाला? तिच्यासाठी नका विचारू."

"नाय. माझं मीच विचारतेय."

"रविवारपर्यंत नको वाटलं, तर नाय म्हणा. चालंल मला."

"माहीत हाय," मनस्वी म्हणाली. "म्हणून तर विचारलं."