गाडीबांधावरच्या बाई

वत्सलाबाईंची आणि माझी ओळख झाली त्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपलांचा अंत झाला. या दुःखद घटनेबद्दल शाळेने आजवर दुखवट्याचा ठराव केलेला नाही, हे या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो. वीसएक वर्षांपूर्वी मराठीचा शिक्षक म्हणून कर्जतला उतरून मी विचारत विचारत शाळेत पोचलो. मुख्याध्यापिका असलेल्या वत्सलाबाईंनी नमस्कार घेतला आणि विचारलं, "चिखलात चालता येतं ना?" मी हो म्हणालो. नोकरी नवी असली की माणूस कशालाही हो म्हणतो. तासाभरात आम्ही भर पावसात गाडीबांधावरून डोंगराखालच्या वाडीकडे निघालो होतो. चपला वाटेत राहिल्या.

बाहेरगावच्या वाचकांसाठी गाडीबांध म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. फार पूर्वी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला आमच्या डोंगरातल्या तांबड्या दगडात लोखंड दिसलं. खाण निघाली. खाणीपासून पळसदरीकडच्या मोठ्या रुळांपर्यंत भातखाचरांमधून मातीचा भराव पडला आणि त्यावरून एक छोटी मालगाडी धावू लागली. दगडात लोखंड होतं, नाही असं नाही. पण ते आणायला टाकलेल्या रुळांत त्याहून जास्त होतं. कंपनी गाशा गुंडाळून गेली. काही रूळ विकले गेले, काही आपल्या पायांनी चालते झाले. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांच्या कुणी दाराच्या चौकटी केल्या. शाळेची घंटा म्हणून आम्ही जो तुकडा बडवतो तोही त्याच रुळाचा. हा सगळा इतिहास बाईंनी घरोघरच्या ओटीवर बसून, म्हाताऱ्यांना बोलतं करून गोळा केला. कारण उरलेला भराव, म्हणजेच गाडीबांध, ही पावसाळ्यात वाडीच्या मुलांना शाळेत यायची एकमेव वाट होती.

आता भाताच्या मुलखात बांध दिसला की तो कोरायचा असतो. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या, आधी कुदळ घेऊन गेलेला माणूस बांधाची कड जराशी आपल्या खाचरात ओढतो. याला चोरी म्हणत नाहीत, शेती म्हणतात. गाडीबांध तर दोन्ही अंगांनी कोरला जात होता, आणि प्रत्येकाला वाटे की आपण एकटेच कोरतोय.

बाईंनी हा विषय ग्रामपंचायतीच्या सभेत काढला. सर्वांत जास्त खाचरं ज्यांची, ते तात्या उठले.

"कंची गाडी नि कंचं काय! माज्या आज्याचा बांध हाय तो. हितं गाडी कदी आलीच नाय."

"तात्या, तुमच्या पडवीचे खांब कशाचे आहेत?" बाईंनी विचारलं.

"लोखंडाचे."

"कुठून आणलेत?"

तात्या छताकडे बघू लागले. मागून कुणी ओरडलं, "रूळ हायत, बाई! नुसते उभे केलेत!"

"हसा रं, हसा!" तात्या म्हणाले, आणि सभा तिथेच आटोपली. ठराव झाला नाही, कुदळी थांबल्या नाहीत. त्याच पावसाळ्यात बांध मधोमध फुटला.

वाडीची मुलं यायची थांबली. आवणी उरकली की येतील, असं आम्हा शिक्षकांचं मत पडलं. बाई भडकल्या. "मुलगे येतील. मुलगी एकदा आवणीला राहिली की पुन्हा शाळेत दिसत नाही. वाडीतून सातवीला पोचलेल्या मुली आहेत त्या. त्यांना सोडू?" आणि त्यांनी जाहीर केलं, सोमवारपासून शाळा वाडीत भरेल.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "शाळा इमारतीत भरली पाहिजे."

"मग इमारत पलीकडे पाठवा. मी घंटा घेऊन पुढे होते."

घंटा मी आणि शिपायाने वाहिली. बऱ्याच वर्षांनी त्या बांधावरून लोखंड गेलं. फुटलेल्या जागी कमरेइतकं पाणी होतं.

आता पंचाईत गावाची झाली. ज्यांनी बांध कोरला त्यांचीच पोरं पाण्यातून वाडीला न्यायची होती. दुसऱ्या दिवशी तात्या नातवाला खांद्यावर घेऊन पाण्यात उभे. "बाई, पोरगं बुडंल की माजं!"

"वाडीच्या मुलींचं वर्ष बुडत होतं, तेव्हा तुम्ही कुदळीला धार लावत होतात. या, इकडून या. पाय जपून टाका."

तो आठवडा संपायच्या आत मातीच्या बैलगाड्या येऊ लागल्या, पहिली तात्यांची. माती कुणाच्या खाचरातली, हे बाईंनी विचारलं नाही. बांधाचीच होती. त्या मुली पुन्हा शाळेत बसल्या. त्यांतली एक पुढे मॅट्रिक होईपर्यंत बाईंच्या घरी राहिली. वाडीच्या मुलीने भरलेल्या पाण्याचा विटाळ होतो अशी शेजारी कुजबुज झाली, तेव्हा बाई अंगणात येऊन मोठ्याने म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी हीच भरते. कुणाला तहान लागली असेल तर या!" कुणी आलं नाही, आणि कुणी पुन्हा कुजबुजलंही नाही.

तेव्हापासूनची रीत अशी, की पावसाआधी बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाने घमेलंभर माती बांधावर टाकायची. मुलांनी, आईबापांनी, मास्तरांनी, आणि तपासणीला येतील त्या साहेबांनीसुद्धा.

हल्ली आमच्या भागात प्लॉट पाडणारी मंडळी फिरताहेत. कुंपण घालायला त्यांना गाडीबांध आड येतो. त्यांच्यातल्या एकाने चौक गावच्या ढाब्यावर मला मोठ्या समजुतीने सांगितलं, "भांडण नको, सर. बाई आहेत तोवर आम्ही थांबू." ठीक आहे. बाईंची साठी आज पूर्ण होते आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि त्यांना एवढं आयुष्य लाभो की थांबणाऱ्यांची नातवंडंसुद्धा थांबून थांबून कंटाळावीत. त्यापुढेही त्यांना थांबवायचं झालं, तर वाडीच्या शिकलेल्या मुली आहेतच.

मागल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला होतो. परतल्यावर शिपायाकडून कळलं, की माझ्या वाटणीची माती बाईंनी स्वतः डोक्यावरून नेऊन टाकली. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. काल बाई बाजारात गेल्या आहेत असं बघून मी बांधावर गेलो. एक घमेलं यंदाचं टाकलं, एक मागल्या वर्षीचं, आणि माती पायाने नीट दाबून घरी आलो.