ग्रेडरसाहेबांची स्वच्छ यादी

आर्णीत आजवर कितीतरी निवडणुका आल्या आणि गेल्या, पण उभं न राहता, भाषण न करता, कुठल्याही पक्षाचा चहा न पिता अख्खी निवडणूक एकट्यानं लढवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून, म्हणजे कापसाची प्रत ठरवण्यात, त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना ग्रेडरसाहेबच म्हणे. मी काका म्हणायची. केंद्रावर कापसाची गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर त्यांनी कधी पाहिलाच नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसून तळाचा पुंजका बाहेर काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. पुढे हीच पद्धत त्यांनी बाजारातल्या भाजीला लावली, पुतणीला बघायला आलेल्या मुलाला लावली आणि शेवटी व्हॉट्सॲपलाही लावली.

ते बोंडअळीचे दिवस होते. बोंडं किडलेली, माणसं चिडलेली आणि निवडणूक तोंडावर. काकांनी ‘स्वच्छ यादी’ नावाचा ग्रुप काढला, त्यात सगळ्या पक्षांची माणसं घेतली आणि येईल त्या मेसेजला ग्रेड द्यायला सुरुवात केली. ‘धागा आखूड.’ ‘ओल फार आहे, वाळवून आणा.’ एका पक्षाचा जाहीरनामा आला तो त्यांनी शेवटच्या पानापासून वाचला आणि लिहिलं, ‘वरून पांढरा, खाली कवडी.’ कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. जाहीरनामा टाकणारा कार्यकर्ता असा भडकला की काकांना त्याला ग्रुपबाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून पोहे खाऊ घातले आणि परत आत घेतलं. उमेदवार फेसबुकवर लाइव्ह आले की काका रोज एकच प्रश्न टाकत, ‘खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार?’ उत्तरादाखल जोडलेले हात येत, गुलाबाची फुलं येत, एकदा तर केकही आला. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “सारं आलं पोरी, तारीखच आली नाही.”

पण त्यांचा खरा जीव मतदार यादीत अडकला होता. मागच्या निवडणुकीत आमच्या बूथवर वारलेल्या एका गृहस्थांच्या नावानं कोणीतरी सकाळीच मतदान करून गेलं, ते काकांच्या फार जिव्हारी लागलं. या खेपेला आपल्या बूथच्या यादीत एकही मेलेलं नाव राहणार नाही, असं त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं. राहिलं तर ॲडमिनपद सोडीन, अशी पुस्तीही जोडली. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. नाव कमी करायचा सात नंबरचा फॉर्म मी भरायची आणि काका गल्लोगल्ली हिंडून घरची माणसं धरून आणायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही, दारातूनच विचारायचे, “तुमच्या घरी कोणी मेलं हाय का?” एका म्हातारीनं तर त्यांच्या अंगावर तांब्या रिकामा केला. नव्वदीच्या एका आजोबांना त्यांनी तोंडावरच विचारलं, “आबाजी, तुमचं काय करायचं? ठेवू का काढू?” आबाजी म्हणाले, “मतदानापावतर राहू दे. मंग पाहू.”

एक फॉर्म मात्र काही केल्या भरला जात नव्हता. काकांची बायको, आमच्या काकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि यादीत काकांच्या खाली त्यांचं नाव तसंच होतं. मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून काका तीनदा दुकानात आले. पहिल्यांदा म्हणाले, “गर्दी हाय, येतो मंग.” दुसऱ्यांदा दाखल्याची झेरॉक्स काढली आणि फॉर्म न भरताच घरी गेले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी समोर येऊन बसले. मी नाव शोधून काढलं. स्क्रीनवर काकूंचं नाव, वय, घर क्रमांक आणि पतीचे नाव म्हणून काकांचं नाव. काका बराच वेळ ते वाचत राहिले.

“सर्व्हर डाऊन असन नं?” त्यांनी विचारलं.

सर्व्हर अगदी ठणठणीत होता. “हो काका, डाऊनच आहे,” मी म्हणाले. त्या खोटं बोलण्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

अंतिम यादी आली आणि त्याच भडक्या कार्यकर्त्यानं काकूंच्या नावाभोवती लाल गोल काढून ग्रुपवर टाकला. ‘साहेब, हा माल कोणत्या ग्रेडचा?’ काकांनी लिहिलं, ‘नापास. चूक माझी.’ आणि दिल्या शब्दाप्रमाणे ॲडमिनपद सोडलं. मला त्या कार्यकर्त्याचा इतका राग आला की पुढे महिनाभर मी त्याच्या झेरॉक्स काढल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला काका शाळेतल्या रांगेत पहिले होते. नऊला मी गेले तेव्हा ते दहावे होते आणि दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा पंचविसावे. मागून येईल त्याला ते पुढे पाठवत होते. नजर सारी शेजारच्या बायकांच्या रांगेवर, त्यामुळे बंदोबस्ताच्या हवालदारानं त्यांना दोनदा हटकलंसुद्धा.

“काका, पाय मोडतील. असे उभे कायले राह्यले?” मी विचारलं.

काका हळूच म्हणाले, “तिच्या नावानं कोणी बटन दाबून गेलं म्हंजे? नाव म्या ठेवलं, तं राखणही मलेच करा लागन.”

मग मीही माझं मत संध्याकाळवर ढकललं. सहा वाजत आले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच मतदार उरलो होतो. अधिकाऱ्यांनी काकांचं नाव मोठ्यानं वाचून यादीवर खूण केली. काकांनी वाकून विचारलं, “साहेब, खालच्या नावावर कोणी येऊन गेलं का?”

“नाही, कोणी नाही आलं,” अधिकारी म्हणाले. मग घड्याळ बघून त्यांनी काळजीनं विचारलं, “त्या यायच्या आहेत का? गेट बंद व्हायची वेळ झाली, आजोबा.”

“नाही,” काका म्हणाले. “ती नाही येत आता.”

काकू गेल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मागे मी पदरानं डोळे पुसत होते. काकांनी शाईसाठी बोट पुढे केलं होतं.