मोटरसायकलची मागची स्प्रिंग आणि माझे मणके

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षे मी जयपूरला होतो. केंद्र सरकारच्या नोकरीत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचे काम होते. साताऱ्याहून बदली होऊन आलो तेव्हा खात्याने एक मोटरसायकल माझ्या ताब्यात दिली. शहराबाहेरच्या बगरूच्या पलीकडची गावे माझ्याकडे होती. तिथे रस्ता असा नव्हताच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कोरड्या नदीतली वाळू, मध्येच उघडे पडलेले दगड. आठवड्यातले चार दिवस मी त्या वाटांवर असे.

तीन महिन्यांत कंबर धरली. आधी संध्याकाळपुरती, मग सकाळी उठतानाही. थोरला भाऊ मणक्याच्या क्षयाने गेला होता. त्याचेही दुखणे असेच, कंबरेपासून सुरू झाले होते. त्यामुळे मी बायकोला काही सांगितले नाही. उलट, खराब रस्त्याला गाडी कडकच हवी अशी समजूत करून घेतली आणि मागच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरच्या स्प्रिंगा पान्याने होत्या तेवढ्या आवळून टाकल्या. दुखणे वाढले. मी ते भावाच्याच दुखण्याच्या खात्यात टाकत राहिलो.

बायकोच्या नजरेतून काय सुटणार? एका सकाळी मी बूट घालायला स्टुलावर पाय ठेवला तशी ती म्हणाली, "महिना झाला, तुम्ही वाकत नाही आहात."

"दमलोय जरा."

"भावजींचं आठवतंय मला. आजच्या आज दवाखान्यात चला."

हॉस्पिटलात एक मराठी डॉक्टर होते, कोल्हापूरचे. चांगले धिप्पाड, आवाजही तसाच. त्यांनी पाठ ठोकून पाहिली, भावाची हकिकत ऐकून घेतली आणि एक्स-रे काढायला सांगितला. तो हातात यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आम्ही नवराबायको एकमेकांशी फक्त भाजीबद्दल आणि दुधाबद्दल बोललो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "अहो, मणके स्वच्छ आहेत तुमचे. क्षय नाही, काही नाही."

बायको खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. मी उगाच विचारले, "मग दुखतं कशानं?"

"तेच मी विचारतोय. दिवसभर करता काय?"

मोटरसायकलचे ऐकून ते आमच्याबरोबर खाली अंगणात आले. गाडीची सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली. हलली नाही. मला बसायला लावले, तरी जेमतेम हलली. मग स्वतः बसले, तेव्हा कुठे मागची बाजू थोडी खाली गेली. "ही माझ्यासारख्याची गाडी आहे," ते हसत म्हणाले. "तुमचं वजन किती? पन्नास? प्रत्येक दगड सरळ पाठीत जातोय तुमच्या. आधी हिच्यावर इलाज करा."

चौकशी केल्यावर कळले की माझ्या आधीचे साहेब वजनदार होते आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या लावून फिरत. त्यांनी मुद्दाम जाड तारेच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या.

आमेरच्या रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना म्हटले, "सबसे नरम स्प्रिंग डाल दो, मिस्त्रीजी."

ते म्हणाले, "पछताओगे, बाबूजी." पण बसवून दिली. बाजारापर्यंत पाळण्यात बसल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात उतरलो आणि पहिल्याच खड्ड्यात मागची बाजू खाली जाऊन ठण्णकन आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. स्प्रिंग पूर्ण दबली होती, पुढे जायला जागाच उरली नव्हती. तिथूनच परत फिरलो.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवले, मडगार्डवर खडूने खूण केली आणि तिथपासून चाकाच्या आसापर्यंतचे अंतर मोजले. मग गाडी खाली घेऊन मला वर बसवले, कामाची पिशवीसुद्धा खांद्याला लावायला सांगितली, आणि पुन्हा मोजले.

"चाक चार अंगुल चलता है," ते म्हणाले. "आपके बैठने से एक, सवा अंगुल दबना चाहिए. बाकी गड्ढे के लिए बचना चाहिए. पुरानी वाली आधा अंगुल भी नहीं दबती थी. यह नरम वाली ढाई दब गई."

जुन्या स्प्रिंगांच्या ढिगातून त्यांनी एकेक जोडी काढली. दोन जोड्या लावून उतरवल्या. तिसरी लावल्यावर मला बसवले, खडूच्या खुणेकडे बघितले आणि नुसती मान हलवली. सवा अंगुल. मी स्प्रिंग आवळायला पाना उचलला तसा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "कसने से स्प्रिंग बदलती नहीं, बाबूजी. अब इसे छेड़ना मत."

सोमवारी बगरूवरून निघालो. कापडावर ठसे उमटवणाऱ्या छिप्यांनी वाळत घातलेली कापडे मागे पडली आणि चाकोरी सुरू झाली. मी सवयीने दात आवळून धरले होते. पहिला दगड आला. चाक वर उचलले गेले आणि खाली आले, मी मात्र जागच्या जागी होतो. दुसरा आला. नदीच्या पात्रात एकदाच, मोठ्या खड्ड्यात, स्प्रिंग जवळजवळ तळापर्यंत गेली आणि शांतपणे परत वर आली. पलीकडच्या काठावर मी गाडी थांबवून खाली उतरलो. खरे तर उतरायचे काही कारण नव्हते. मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

विहिरीवर चामड्याची मोट ओढणारा शेतकरी बैल थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "क्या हुआ, साब?" त्याने ओरडून विचारले.

"कुछ नहीं हुआ!" मी म्हटले. "कुछ भी नहीं हुआ!"

त्याला ते कळले असेल असे वाटत नाही. त्याने बैलांना हाक घातली, आणि मी मोजपट्टी काढून त्याच्या विहिरीचे पाणी मोजायला गेलो.