हरणामागचा इंटरव्ह्यू

माझा साडू हरणाच्या शिकारीला लागला तो नोकरी गेल्यामुळे, आणि मी लागलो तो बायकोने पाठवल्यामुळे. आमच्या दोघांच्याही घराण्यांत झुरळापेक्षा मोठं काही कुणी मारल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे तर झुरळही बायकोच मारते. मी फक्त कुठे आहे ते दाखवतो.

करोनाचं पहिलं वर्ष. सिडनीतला पहिला लॉकडाउन उठला होता, देशाची दारं मात्र बंदच होती. साडू, म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा, पुण्याहून कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर आलेला. स्कोफिल्ड्सला आमच्या मागच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. पॅरामॅटाला त्याचं ऑफिस. सप्टेंबरात त्याचा प्रोजेक्ट बंद पडला आणि एका व्हिडिओ कॉलवर त्याला निरोप मिळाला. व्हिसाचा नियम असा, की दोन महिन्यांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. मी वीस वर्षांपूर्वी इथे शिकायला आलो आणि सिटिझन होऊन बसलो. त्यात माझी हुशारी काही नव्हती, तेव्हा रांग लहान होती एवढंच.

"तुझ्या ऑफिसात चिकटव ना त्याला," बायको म्हणाली.

"सरकारी खातं आहे. सिटिझनच लागतो."

"मग तुझा उपयोग काय?"

या प्रश्नावर आमच्या घरात लग्नापासून संशोधन चालू आहे.

साडूने पन्नास ठिकाणी अर्ज केले असतील. सगळीकडून एकच उत्तर, सध्या फक्त पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेले, नाहीतर सिटिझन. मग एका रविवारी तो आमच्याकडे आला तेव्हा दाढी केलेली होती, आणि डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. निरोपाच्या त्या कॉलवर त्याचा मॅनेजर शेवटी म्हणाला होता, की माझ्या भावाचं शेत आहे, हरणांनी उच्छाद मांडलाय, ये एकदा, तुला स्टॉकिंग शिकवतो, आणि पुढचं काय तेही जरा बोलू. आता त्याचा मेसेज आला होता. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी येतोस का? तुझ्या साडूलाही घेऊन ये. हा साडू म्हणजे मी.

"'पुढचं काय' म्हणजे काय असेल रे?" साडूने विचारलं.

आता, या देशात मी जुना. मेव्हणीच्या घरी ऑस्ट्रेलियन माणूस या विषयावरचा मी शेवटचा शब्द. मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "अरे, इथे ऑफिसात काही ठरत नसतं. बार्बेक्यूवर ठरतं, मासे पकडताना ठरतं. त्याने तुला घरच्या शेतावर बोलावलंय. समज ना काय ते."

"म्हणजे इंटरव्ह्यूच म्हण."

"म्हण काय, आहेच."

मेव्हणीने तेवढ्यावर देवापुढे साखर ठेवली.

स्टॉकिंग म्हणजे जीपमधून दिवे मारत हिंडणं नव्हे, पायी, लपत छपत हरणाच्या जवळ जाणं, एवढं आम्हाला इंटरनेटने सांगितलं. बंदुकीचा प्रश्न नव्हता. लायसन्सशिवाय तिला हातही लावायचा नाही. बंदूक मॅनेजरची, आम्ही नुसते मागून चालणार. पण मागून चालणाऱ्यालाही काय काय लागतं यावर लोकांनी तासातासाचे व्हिडिओ केलेत. सगळ्या अनुभवी माणसांचं म्हणणं एकच होतं. नवशिक्याने भारंभार खरेदी करू नये. जुने, धुऊन मऊ झालेले लोकरी कपडे, रोजच्या वापरातले बूट आणि एक बरी दुर्बीण, बास.

"जुने कपडे?" साडू म्हणाला. "इंटरव्ह्यूला?"

मलाही ते पटलं नाही. आपल्याकडे भावाचा शर्ट उसना घेऊन का होईना, पण कडक इस्त्री करून माणूस इंटरव्ह्यूला जातो. तेव्हा आम्ही दुकानाबाहेर गाडी लावून, मास्क चढवून, ऑर्डर केलेला माल ताब्यात घेतला. पानाफुलांच्या छापाची जॅकेटं, तसल्याच पँटी, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि दोघांत एक दुर्बीण, जी साडूच्या गळ्यात शोभत होती. जॅकेट वॉटरप्रूफ होतं. हात हलवला की चिवड्याचं पाकीट फोडल्यासारखा आवाज यायचा. खिशांना वेल्क्रो. उघडला की चर्रर्र. मी म्हटलं, क्वालिटी आहे.

बॅकयार्डमध्ये सरावही झाला. बायको कढीपत्त्याला पाणी घालत होती. आम्ही शेडमागून, टाचा न टेकवता, तिच्या मागे निघालो.

"दोघंही आहात," ती मागे न बघता म्हणाली. "आणि पुढच्याला दम लागलाय."

पुढचा मी होतो.

साडूची मुलगी दुसरीत होती. ती पायरीवर बसून हे सगळं बघत होती. "बाबा, आर यू गोइंग टू किल इट?"

"नाही गं राणी. बाबाचा इंटरव्ह्यू आहे."

"विथ द डिअर?"

त्याच आठवड्याअखेरीला खंडेनवमी आली. दरवर्षी दोन्ही घरांची मिळून पूजा आमच्याकडे असते. हत्यारं म्हणजे आमचे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, बायकोचं ओव्हरलॉक मशीन. त्या वर्षी साडूचा लॅपटॉप नव्हता. कंपनीने कुरिअर पाठवून परत मागवला होता. पाटावर त्याची जागा रिकामी दिसायला लागली. मग मेव्हणीने त्याच्या गळ्यातली दुर्बीण काढली, तिथे ठेवली आणि तिला हळद-कुंकू लावलं.

"यंदा हेच तुमचं हत्यार," ती त्याला म्हणाली.

जॅकेटंही ठेवली. बुटांवर वाद झाला, पायातली वस्तू देवापुढे ठेवायची की नाही. शेवटी पाटापासून जरा लांब, वर्तमानपत्रावर ठेवून लांबूनच अक्षता टाकल्या. धूप घातला तो असा, की स्मोक अलार्म वाजला. मी वर्तमानपत्राने त्याला वारा घालत उभा राहिलो, आणि मेव्हणी डोळे मिटून, ओठ हलवत, किती तरी वेळ हात जोडून बसली होती. नंतर तिने दोन्ही जॅकेटांच्या नीट घड्या केल्या, घडीघडीत कापराच्या वड्या ठेवल्या आणि बॅग बंद केली. शनिवारपर्यंत ती बॅग कुणी उघडली नाही.

शेत गोलबर्नच्या पुढे. पहाटे निघालो. गाडीत अख्खा रस्ता मी मॅनेजर झालो होतो आणि साडू इंटरव्ह्यू देत होता.

"व्हिसाचं आधी सांगू का नंतर?"

"आधी गप्पा मारायच्या. शेत छान आहे म्हण. मग हळूच."

"हळूच म्हणजे कसं? वाक्य सांग ना."

आम्ही वाक्य बसवलं. तो ते पुटपुटत राहिला. चाळिशीचा माणूस, पुण्यात वीस जणांची टीम सांभाळलेला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात एकच वाक्य मिळालेल्या मुलासारखं ते घोकत होता. मी खिडकीची काच जरा खाली केली, कारण मागच्या सीटवरून धुपाचा वास येत होता. प्रसन्न वाटलं.

मॅनेजर फाटकाशी उभा होता. अंगावर भोकं पडलेला लोकरी स्वेटर, पायात मळके बूट. आमचा अवतार बघून त्याच्या भुवया वर गेल्या, पण तो काही म्हणाला नाही, सभ्य माणूस. कोपराला कोपर लावून नमस्कार झाला. साडूने तोंड उघडलं, "ब्युटिफुल फार्म."

"थँक्स, मेट," तो म्हणाला, "आता इथून पुढे बोलणं बंद. एक शब्द नाही. काही लागलं तर हात करा."

साडूने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते.

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके व्हिडिओ पाहिले, गप्प राहायचं हे शंभरदा ऐकलं, पण दिवसभर गप्प राहायचं म्हणजे इंटरव्ह्यूही गप्पच द्यायचा, हा हिशेब दोघांनीही केला नाही. सूर्य वर येईपर्यंत आम्ही मॅनेजरच्या पाठीमागे चालत राहिलो. तो चार पावलं टाकायचा, थांबायचा, ऐकायचा. आम्हीही थांबायचो, आणि आमची जॅकेटं आमच्यानंतर थांबायची. प्रत्येक थांब्याला साडू एक पाऊल पुढे सरकून त्याच्या शेजारी उभा राहायचा, तोंड किंचित उघडायचा, आणि मॅनेजर ओठांवर बोट ठेवायचा. माझ्या टाचेला फोड आला होता. तो फुटला तेव्हा मी 'आई गं'सुद्धा मनात म्हणालो.

मग समोरच्या उतारावर दिसली. फॅलो जातीच्या तीन हरिणी, अंगावर फिकट ठिपके, माना खाली. मॅनेजर गुडघ्यावर बसला. आम्हीही बसलो. वारा आमच्या तोंडावर होता, आणि एकाएकी तो मानेवर आला. तिघींच्या माना एकदम वर झाल्या. त्यांनी सरळ आमच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी उतार रिकामा होता.

मॅनेजर उठला. त्याने नाक वर करून हुंगलं, वळला, साडूच्या खांद्याजवळ येऊन पुन्हा हुंगलं.

"मेट, हे काय आहे?"

साडूने सांगितलं. सण, हत्यारांची पूजा, धूप, कापूर. मॅनेजर हसत सुटला. कुत्सित नव्हे, मनापासून. एका ओंडक्यावर बसला, थर्मास काढला, म्हणाला, आता संध्याकाळपर्यंत इकडे काही फिरकणार नाही, बसा, चहा घ्या.

म्हणजे बोलायला परवानगी होती. साडूने कप हातात घेतला आणि बसवलेलं वाक्य म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. व्हिसाची मुदत, बायको, मुलीची शाळा, कुठलीही पोझिशन चालेल.

मॅनेजरने हातातला कप ओंडक्यावर ठेवला.

"मलाही काढलं, मेट. तुझ्यानंतर दोन आठवड्यांनी. मला वाटलं तुला कळलं असेल." मग तो माझ्याकडे वळला, आणि जरा अवघडून म्हणाला, "खरं सांगायचं तर मला तुझ्याशीच बोलायचं होतं. तुमच्या खात्यात भरती आहे असं ऐकतो."

तर इंटरव्ह्यू होताच. फक्त घेणारा मी होतो.

साडूने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्या रिकाम्या उताराकडे बघत बसला.

परत येताना मित्तागाँग गाव आलं. तेव्हा साडू म्हणाला, "दे त्याचं नाव."

"वेडा आहेस का?"

"चांगला मॅनेजर आहे रे. मला काढताना रडला होता. आणि माझं नाव तू देऊ शकतोस का? नाही ना? मग त्याचं दे."

घरी दारातच दोघी बहिणी उभ्या होत्या. मेव्हणीने विचारलं, "भावोजी, काय म्हणाले?" मी म्हणालो, पाय धुऊन येतो.

डिसेंबरात ते तिघं पुण्याला परत गेले. खास विमान होतं, तिकीट मिळालं हेच भाग्य असं सगळे एकमेकांना सांगत होते. टर्मिनलच्या दारापर्यंतच जाऊ देत होते. मुलगी तिच्या मावशीला म्हणाली, "आय विल बी बॅक फॉर स्कूल." मावशीने तिचा मास्क नीट केला.

मॅनेजरला आमच्याकडे नोकरी लागली. मी नाव दिलं होतं. त्याची पात्रताही होती, आणि पासपोर्ट तर होताच. एप्रिलमध्ये ऑफिस अर्धंमुर्धं उघडलं तेव्हा त्याची जागा माझ्या समोर आली. माणूस खरंच चांगला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला हरणाचे सॉसेज आणून दिले. बायकोने ते घरात घेऊ दिले नाहीत. हरणाचे आहेत म्हणून नव्हे, हे मला कळतं, म्हणून मीही विचारलं नाही. गराजच्या फ्रीजरमध्ये आहेत.

एका शुक्रवारी चहाच्या वेळी त्याने टीमला आमची शिकार सांगितली. छान सांगतो. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. त्या सकाळी साडूचा मेसेज आला होता, की बाबांना बेड मिळत नाहीये, सकाळपासून चौथं हॉस्पिटल. मी उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

"आणि तो दुसरा कोण?" एका नव्या मुलीने विचारलं.

"माझा सगळ्यात चांगला डेव्हलपर," मॅनेजर म्हणाला. "तो घरी परत गेला."

घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. तिथे आता दुसरे लोक राहतात.

"छान," ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली. "अशा दिवसांत आपल्या माणसांत असलेलं बरं, नाही?"

"हो," मी म्हणालो. मग मीटिंग सुरू झाली.