गोट्याखालची मासोळी

वैनगंगेच्या काठी धुण्याच्या गोट्याला फार मान. नदी सगळी वाळूची, दगड मिळणार कुठे? म्हणून प्रत्येकीनं आपापला गोटा दुरून बैलबंडीत घालून आणलेला. मी चांद्याच्या डोंगरातली नवी नवरी. मला हे कोण सांगणार?

त्या हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "नदीवर मासोळ्या भेटल्या तं आण वो."

मी पदर खोचला आणि घाटावरचे सगळे गोटे एकेक करून उलथे केले! माझ्या माहेरच्या ओढ्यात दगड उचलला की बोटभर मासोळी चिकटलेली सापडायचीच. आणि तो ओढा पुढे याच नदीला मिळायचा. इथे मात्र नुसती ओली वाळू.

तेवढ्यात धुणी घेऊन बाया आल्या. "काऊन वो नवरीबाई, गोट्यानं अंडे घातले का?"

मासे इथेही होते. हातभर मरळ, चिखलात लपणारी वाम, मिशीवाला शिंगाडा. पण माझं नाव गोटेवाली पडलं ते पडलंच. संक्रांतीला माहेरी गेले आणि आईला सांगून टाकलं, "मी आता जात नाई."

सुनेला न्यायला दीर येतो, ही रीत. आल्या त्या सासूबाई स्वतः. मी चुलीपुढून उठेना, तर म्हणाल्या, "चाल, तुह्या मासोळ्या दाखव."

ओढ्यात उतरल्या आणि नदीतल्या सवयीनं पायानं चिखल चाचपू लागल्या. इथे कुठला चिखल? शेवाळावरून पाय सटकला आणि बाई धप्पकन पाण्यात! मी हात दिला, आणि दुसऱ्या हातानं शेजारचा दगड उचलून दाखवला.

"अवं माय, एवढीशीच?" मग वाकून ती दगडाला कशी चिकटली ते पाहिलं. "इथी पानी पळते, म्हनून गोटा धरून बसते बिचारी. आमच्या इथी पानी बसून राह्यते. तिथी ही काय धरल?" माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मले धर, पोरी."

हे सांगताना त्या स्वतःच माझ्या दंडाला दोन्ही हातांनी लटकलेल्या!

"आत्याबाई, कोन कोनाले धरून राह्यलं?"

त्या हसल्या, मी हसले, आणि हसता हसता मीही पाण्यात बसले.

सकाळी बंडी जुंपली. उताराला चाक हिंदकळलं की त्या माझा हात धरत, आणि मी सोडवून घेत नसे.